बेकायदेशीर सूचना

"नेटिव्ह!" हिंगमिरे सरांनी कागदावरच्या त्या एका शब्दाखाली लाल पेनने दोन रेघा ओढल्या. "इतका साधा पर्याय समोर असताना मगदूम तीन-तीन पर्यायांचा घोळ का घालतायत, नाईकवाडे?"

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. 'बसा' म्हणण्याची पद्धत आमच्या संस्थेत कायम झालेल्यांपुरतीच होती आणि मी अजून कायम नव्हते.

संस्थेचं नाव जलपातळी संगणन केंद्र, मुक्काम सांगली. हिंगमिरे सर तिचे संचालक. तालुक्यातालुक्यांत आमची अकरा छोटी केंद्रं होती. तिथं नदीची पातळी मोजायची, संगणकात भरायची आणि पुढच्या बारा तासांत पाणी किती चढेल याचा अंदाज काढायचा, एवढंच आमचं काम. हा अंदाज काढणारा नवा प्रोग्राम मगदूम आणि मी मिळून लिहिला होता. 'मिळून' म्हणजे डोक्याचा भाग मगदूमांनी आणि पडद्यावरचं मराठी मी. पावसाळ्याआधी, मे संपायच्या आत, तो अकराही केंद्रांवर बसवायचा होता. आणि सरांच्या टेबलाच्या उजव्या खणात मला कायम करण्याचा आदेश टाइप होऊन तीन आठवडे पडला होता. सही तेवढी राहिली होती. आईनं तर सही झालीच असं धरून सोलापुरातल्या यच्चयावत नातेवाइकांना कळवूनही टाकलं होतं.

"सांगा ना," सर म्हणाले, "नेटिव्ह म्हणजे काय?"

मला माहीत होतं. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. कम्पायलर नावाचा दुभाषी त्याचं यंत्राच्या बोलीत भाषांतर करतो. पण प्रोसेसरच्या प्रत्येक फॅमिलीची बोली वेगळी, आणि एकाच फॅमिलीतल्या जुन्यांना नव्यांचे शब्द कळत नाहीत. म्हणून कम्पायलरला आधी सांगावं लागतं की बाबा रे, हे अमक्यासाठी कर. ह्या सांगण्याला पर्याय म्हणतात. त्या पर्यायांच्या यादीत 'नेटिव्ह' हाही एक असतो. त्याचा अर्थ असा की, ज्या संगणकावर हे भाषांतर चाललंय, त्याच्याच प्रोसेसरला पुरेपूर जमेल असं कर, बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

हे एवढं सगळं मी सांगायला हवं होतं. मी खणाकडे बघितलं आणि म्हणाले, "स्थानिक, सर."

"स्थानिक! म्हणजे जिथं जाईल तिथलाच होऊन राहणारा."

"तसंच काहीसं, सर."

सर खुर्चीत मागं रेलले. "मी हेच म्हणत होतो. नदी एक, संस्था एक, तर प्रोग्रामही एकच पाहिजे. मगदूमांना सांगा, नेटिव्ह लावा. आणि ते शेवटचं बटण माझ्या संगणकावर दाबलं जाईल. गुरुवारी, पाहुण्यांच्या शुभहस्ते."

सरांचा संगणक त्याच मार्चमध्ये आला होता. संस्थेतला सगळ्यात ताकदवान. त्याच्यावर सर मेल वाचत आणि सकाळी देवादिकांची चित्रं पुढे पाठवत. त्याच खरेदीतला दुसरा संगणक नांदवडे केंद्राला गेला होता. नांदवडे ही सरांची सासुरवाडी. उरलेल्या दहा केंद्रांपैकी आठांवर आठ-नऊ वर्षांपूर्वीची यंत्रं होती आणि दोन ठिकाणी निराळ्याच फॅमिलीतल्या, तळहाताएवढ्या सर्किटच्या पाट्या; एकेक पाटी म्हणजे अख्खा संगणक. त्या विजेशिवाय बॅटरीवर चालायच्या म्हणून नदीकाठी बसवलेल्या.

ही माहिती गोळा करायलाही रामायण घडलं होतं. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार शुद्ध मराठीतच झाला पाहिजे, असा सरांचा दंडक. त्यामुळं 'प्रोसेसर फॅमिली'चं 'प्रक्रियक कुटुंब' झालं आणि अकरा केंद्रांना परिपत्रक गेलं की, 'आपल्या केंद्रातील प्रक्रियकाचे कुटुंब तात्काळ कळवावे.' प्रक्रियक हे एखादं पद असावं, अशी केंद्रांची समजूत झाली. शिरगावच्या घोरपड्यांनी उलट टपाली कळवलं, 'प्रक्रियकाचे पद रिक्त. प्रभारी : श्री. घोरपडे. कुटुंब : पत्नी व दोन मुली.' एका केंद्रानं तर रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली. शेवटी मगदूमांनी एकेका केंद्राला फोन लावून, यंत्राच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचून घेतली आणि कुठल्या केंद्राला कुठला पर्याय लावायचा याचा तक्ता करून आमच्या खोलीतल्या भिंतीवर डकवला.

बसवराज मगदूम निपाणीकडचे, म्हणजे कर्नाटकातले. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, कामात तर मी मोजतच नाही. पण नेमणूक कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड आणि मग नवा करार, असं त्यांचं सहा वर्षं चाललं होतं. तो करार जूनच्या एक तारखेला पुन्हा व्हायचा होता.

मी खोलीत जाऊन सरांचा हुकूम सांगितला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्यांना नेटिव्हचा अर्थ कुणी सांगितला?"

"त्यांनी तो... त्यांच्या परीनं घेतला."

"मॅडम, शिंप्याला गिऱ्हाइकाचं माप द्यावं लागतंय. नेटिव्ह म्हंजे शिंप्यानं सगळ्यांचे सदरे सोताच्या मापानं शिवायचे. नांदवड्याला तेवढा बसंल. बाकी धा ठिकाणी फाटणार." ते उठले. "चला, सांगू या त्यांना."

आम्ही दोघं गेलो. मगदूमांनी शिंप्याची गोष्ट पुन्हा सांगितली. सरांनी ती हसतमुखानं ऐकून घेतली. दुसऱ्याला अजिबात न ऐकता ऐकण्याची त्यांची ती नेहमीची मुद्रा होती.

"मगदूम, स्थानिक गोष्टींवर तुमचा एवढा रोष का?"

"रोष नाही साहेब. नेटिव्हचा अर्थच तसा न्हाई."

"तुम्ही स्वतः स्थानिक आहात का?"

मगदूमांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नाईकवाड्यांनी अर्थ सांगितलाय मला. काय, नाईकवाडे?"

मगदूमांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मगदूमांचं म्हणणंही एकदा लेखी घ्यावं, सर."

मला वाटलं, मी फारच मुत्सद्दीपणा केला. कुणाला दुखावलं नाही, कुणाची बाजू सोडली नाही. अशा वेळी माणूस स्वतःवर किती खूश होतो, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

"द्या लेखी," सर म्हणाले. "फायलीला लावू."

मगदूमांना मराठी टायपिंग जमत नसे. ते मजकूर सांगत आणि मी टाइप करत असे. त्या दुपारीही तसंच झालं. "विषय, कम्पायलरच्या पर्यायांबाबत," त्यांनी सांगितलं. "खाली लिहा, विनंती. मग आकडे घाला. एक, नेटिव्ह हा पर्याय वापरू नये, ही विनंती. दोन, तीन वेगळ्या यंत्रांसाठी तीन वेगळे प्रोग्राम बांधावेत, ही विनंती."

"विनंती कसली करता?" मी म्हणाले. मघाचं मुत्सद्दीपण अंगात होतं, त्याची भरपाई कुठंतरी करायची होती. "ह्या इमारतीत हे फक्त तुम्हाला कळतं. ठणकावून सांगा की."

मी 'विनंती' खोडून 'सूचना' टाइप केलं. मोठ्या ठळक अक्षरात आणि खाली रेघ मारून. 'वापरू नये, ही विनंती'चं 'वापरू नये' केलं. मगदूमांनी वाचून मान डोलावली. "जरा जोरात झालं," ते म्हणाले, पण त्यांना ते आवडलं होतं. त्यांनी सही केली. कागद फायलीला लागला आणि फाईल कपाटात गेली.

गुरुवारी सकाळी सरांच्या संगणकाला झेंडूचा हार घातला होता. डब्याच्या मागच्या बाजूनं गरम हवा बाहेर पडते, ती नेमकी हारानं अडवली होती. मी हार सरकवायला गेले, तर प्रशासन अधिकारी दाभाडे बाई म्हणाल्या, "पूजेला हात लावू नका." हार राहिला. पाहुणे, म्हणजे मंत्रालयातले आमच्या खात्याचे बडे अधिकारी, आले. नारळ फुटला. पाहुण्यांना कुठलं बटण दाबायचं ते कळावं म्हणून एंटरच्या बटणावर कुंकवाचं बोट लावलेलं होतं. मगदूम मागच्या भिंतीला टेकून उभे होते. हुकमाप्रमाणं पर्याय त्यांनीच टाइप करून ठेवला होता. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, प्रोग्राम तयार झाला. अकरा पेन ड्राइव्ह अकरा जिपांतून रवाना झाले, आणि भाषणं सुरू झाली.

दुपारी दोन वाजता केंद्रांचे फोन स्पीकरवर घ्यायचे ठरलं होतं. पहिला मान सासुरवाडीचा.

"नांदवडे बोलतोय. चालला साहेब! एकदम पळतोय!"

टाळ्या झाल्या. सरांनी मगदूमांकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं.

दुसरा फोन शिरगावचा, घोरपड्यांचा. "साहेब, पयल्या पाच ओळी आल्या. मग मशिन थांबलं."

"थांबलं म्हणजे? काय म्हणतंय?" सरांनी विचारलं.

"इंग्रजीत म्हणतंय. इल्लीगल... इन्स्ट्रक्शन."

पाहुणे पुढं वाकले. "काय म्हणाले?"

दाभाडे बाईंनी तत्परतेनं भाषांतर केलं, "बेकायदेशीर सूचना, साहेब."

"कुणी दिली?" पाहुण्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडलेला असावा, इतका तो चटकन आला.

मग रांगच लागली. तिसरं केंद्र, चौथं, पाचवं, सगळीकडं तेच. जुन्या यंत्रांना नव्या बोलीतला शब्द कळेना आणि ती आपापल्या भाषेत तक्रार करत होती. नदीकाठच्या दोन पाट्यांनी तर प्रोग्रामला ओळखसुद्धा दाखवली नाही. शेवटच्या फोनपर्यंत पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली होती. जाताजाता ते सरांना एवढंच म्हणाले, "आठ-आठ ठिकाणी बेकायदेशीर सूचना. अहवाल द्या मला."

हा साधा तांत्रिक संदेश आहे, प्रोसेसरला न कळलेल्या हुकमाला तसं म्हणतात, हे मगदूमांनी दाभाडे बाईंना त्याच संध्याकाळी समजावून सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं. "तुमचं बरोबर असेल," त्या म्हणाल्या. "पण पाहुण्या साहेबांनी अहवाल बेकायदेशीर सूचनेचा मागितलाय. तेव्हा बेकायदेशीर सूचना शोधावी लागेल."

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष हिंगमिरे सर, सचिव दाभाडे बाई. समितीनं फाईल उघडली. सरांनी 'नेटिव्ह लावा' म्हटलं होतं ते तोंडी. पाहुण्यांनी बटण दाबलं होतं ते शुभहस्ते. फायलीत 'सूचना' असं शीर्षक असलेला कागद एकच होता.

मला शुक्रवारी अकराला बोलावलं. बाईंनी सहा प्रश्न आधीच टाइप करून आणले होते. समोर उत्तरापुरती जागा सोडलेली होती.

"मगदूम यांनी पर्यायांबाबत सूचना दिली होती का?"

"हो."

"लेखी?"

"हो. पण त्यात त्यांनी..."

"हो किंवा नाही, नाईकवाडे. लेखी?"

"हो."

"आणखी कोणी लेखी सूचना दिली होती का?"

"नाही."

"प्रोग्राम एका केंद्रावर चालला, हे खरं?"

"हो."

"म्हणजे प्रोग्राम निर्दोष आहे. मगदूम यांची नेमणूक कंत्राटी, हे खरं?"

"हो."

बाईंनी सरांकडे पाहिलं. "नियमाप्रमाणं कंत्राटी कर्मचाऱ्याला विनंती करता येते, सर. सूचना देता येत नाही. त्याला तो अधिकारच नाही. त्यामुळं ही सूचना बेकायदेशीर ठरते."

इतकं बिनतोड काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाईंनी तो कागद माझ्यापुढं सरकवला. शीर्षक ठळक, खाली रेघ. "शेवटचा प्रश्न. 'सूचना' हा शब्द मगदूम यांचाच ना?"

उजवा खण किंचित उघडा होता. आदेशाचा कोपरा दिसत होता. सरांनी तो मुद्दाम उघडा ठेवला होता की मला तसं वाटलं, हे मी कधीच ठरवू शकले नाही. तो शब्द माझा आहे, माझ्या बोटांनी टाइप केलेला, विनंती खोडून. एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? दोन सेकंद.

"खाली सही त्यांची आहे," मी म्हणाले.

बाईंनी तेच लिहून घेतलं. सरांनी खण उघडला, आदेश काढला, लाल पेन बाजूला ठेवून निळं घेतलं आणि सही केली.

"बसा, नाईकवाडे," ते म्हणाले.

मी बसले.

मगदूमांचा करार पुढं झाला नाही. समितीनं त्यांनाही बोलावलं होतं. 'माझी सूचना बरोबर होती', असं त्यांनी तिथं सांगितलं. बरोबर की चूक हा समितीच्या कक्षेतला विषय नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी खोलीतली आपली पुस्तकं पिशवीत भरली. मी दारात उभी राहून 'काही मदत करू का' असं विचारलं, आणि विचारल्या क्षणी मला स्वतःची शिसारी आली. "नको, हलकीच हायत," ते म्हणाले. भिंतीवरचा तक्ता त्यांनी तसाच ठेवला.

जूनची सात तारीख आली. पाणी चढायला लागलं तर दहा केंद्रं आंधळी राहणार होती. प्रोग्राम समितीनं निर्दोष ठरवलेला, त्यामुळं तो दुरुस्त करायला कागदोपत्री काही कारणच नव्हतं. मी कुणाला न विचारता, मगदूमांच्या तक्त्याप्रमाणं पर्याय घालून, तीन वेगवेगळे प्रोग्राम बांधले आणि केंद्रांना मेलनं धाडले. आठ जुनी यंत्रं लगेच चालली. नदीकाठच्या दोन पाट्या मात्र हटून बसल्या. त्या फॅमिलीचे पर्याय इतके बारीक की एक शब्द चुकला तरी यंत्र तोंड फिरवतं. दोन दिवस मी डोकं फोडून घेतलं. तिसऱ्या दिवशी निपाणीला फोन लावला.

"बोला मॅडम," मगदूम म्हणाले. मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती.

मी अडचण सांगितली. त्यांनी एकही टोमणा मारला नाही. मी टाइप केलेली ओळ वाचून घेतली, अक्षर न् अक्षर. "थांबा. त्या पाटीला दशांशाचं गणित करायला वेगळा भाग हाय, ते तुम्ही सांगितलंच न्हाई तिला." मग त्यांनी हरवलेला शब्द सांगितला, स्पेलिंगसकट, दोनदा. मी तो घालून प्रोग्राम पुन्हा बांधला आणि धाडला. फोन चालू ठेवून नदीकाठच्या केंद्राला दुसऱ्या फोनवर विचारलं. पाटी चालली.

"चालली, मगदूम!"

"चालली न्हवं? बरं झालं." त्यांना खरोखर आनंद झाला होता. मला रडूच फुटलं.

"मगदूम, मला तुमच्याशी त्या चौकशीबद्दल बोलायचंय. समितीपुढं मी जे..."

"तुमचा जबाब बगितलाय मी," ते म्हणाले. "करार न करण्याच्या पत्राला जोडलावता. सहा प्रश्न, सहा उत्तरं. दोनदा वाचला."

मी वाट बघत राहिले. शिवी दिली असती तर मी ती दोन्ही हातांनी घेतली असती.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "त्यात तुम्ही एक शब्दबी खोटं बोलला न्हाईसा."

आणि त्यांनी फोन ठेवला. चौदा वर्षं झाली. त्या पावसाळ्यात अकराही केंद्रं चालली. नंतर मगदूमांचं काय झालं ते मी दोन-तीनदा विचारून पाहिलं, पण तो नंबर लागत नाही.

माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'सचोटी' नावाचा रकाना होता. हिंगमिरे सरांनी त्यात स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता, 'निर्विवाद'. अहवाल वाचला म्हणून खाली आपली सही करावी लागते. मी केली.